‘अर्धस्वयंचलित’ : एका शब्दाचा इतिहास

गोळीबाराची बातमी आली की तिच्यात ‘स्वयंचलित’ किंवा ‘अर्धस्वयंचलित’ यांपैकी एखादा शब्द बहुधा भेटतोच. आपण तो वाचतो आणि पुढे जातो. ‘अर्ध’ असले काय आणि नसले काय, जाणारा जीव गेलाच, असे मनाला वाटून जाते. परंतु या दोन अक्षरांभोवती गेल्या शतकात कायदे रचले गेले, न्यायालयांत वाद झाले, आणि कोणते शस्त्र कोणाच्या हाती असावे हे त्यांवरून ठरत आले. तेव्हा हे ‘अर्धे’ म्हणजे नेमके कशाचे अर्धे, याचा एकदा विचार करणे इष्ट ठरेल.

बंदूक चालविण्याच्या क्रियेचे दोन भाग असतात : भरणे आणि उडविणे. ठासणीच्या बंदुकीत ही दोन्ही कामे माणसाची. दारू आणि गोळी नळीत ठासायची, मग चाप ओढायचा. पुढे काडतूस आले (हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला), तरी प्रत्येक बारानंतर हाताने रिकामी पुंगळी काढून नवे काडतूस सरकवावे लागे. अर्धस्वयंचलित शस्त्रात हे भरण्याचे काम यंत्राकडे जाते. सुटलेल्या गोळीच्याच जोराने पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस नळीत चढते. मात्र तेथे यंत्र थांबते. पुढची गोळी हवी असेल तर बोट सैल करून चाप पुन्हा ओढावा लागतो. पूर्ण स्वयंचलित शस्त्र थांबत नाही. चाप दाबलेला असेपर्यंत आणि काडतुसे असेपर्यंत ते गोळ्या सोडीतच राहते.

म्हणजे ‘अर्ध’ हे मोजमाप वेगाचे नव्हे, संहाराचेही नव्हे. ती यंत्र आणि माणूस यांच्यातील कामाची वाटणी आहे.

या वाटणीची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८८४ च्या सुमारास हायरम मॅक्झिम याने लंडनमध्ये पूर्ण स्वयंचलित मशीनगन सिद्ध केली. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड मानलिखर याने अर्धस्वयंचलित रायफलीचा नमुना तयार केला. जुन्या काळ्या दारूची काजळी यंत्रात साचून ते अडकत असे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू शोधल्यावर हा अडसर दूर झाला. अमेरिकेच्या सैन्याने जॉन ब्राउनिंगच्या रचनेचे कोल्ट पिस्तूल १९११ मध्ये स्वीकारले आणि १९३६ मध्ये गॅरंड ही अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली.

नावाचा घोटाळाही याच काळातला. कोल्टचे पिस्तूल एका चापाला एकच गोळी सोडते. तरीही लोक त्याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणू लागले, आणि त्याच्या काडतुसाच्या नावातही तोच शब्द बसला. आपोआप भरले जाते एवढाच त्याचा अर्थ होता. जर्मन आणि ब्रिटिश यांनी त्या मानाने प्रामाणिक शब्द वापरला : ‘स्वतः भरणारे’. आपल्याकडे १९६० च्या दशकापासून ईशापूर येथील कारखान्यात बनलेली ‘सेल्फ लोडिंग रायफल’ जवानांच्या आणि पुढे पोलिसांच्या हाती ‘एसएलआर’ म्हणून रूढ झाली. हे नाव ‘अर्ध’ न म्हणताही नेमका अर्थ सांगते.

आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही असाच शहाणपणा दाखविला. प्रतिबंधित शस्त्राच्या व्याख्येत केवळ ‘स्वयंचलित’ म्हणून न थांबता त्याने क्रियेचे वर्णन केले : चापावर दाब दिल्यावर, तो काढीपर्यंत अथवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात असे शस्त्र.

अमेरिकेत हाच प्रश्न किती गुंतागुंतीचा झाला ते पाहण्यासारखे आहे. १९३४ च्या कायद्यात मशीनगनची व्याख्या करताना ‘स्वयंचलितपणे किंवा अर्धस्वयंचलितपणे’ असे दोन्ही शब्द घातले होते. परंतु चापाच्या एकाच क्रियेने एकाहून अधिक गोळ्या सुटणे ही अटही होती. १९६८ मध्ये त्यातील ‘अर्धस्वयंचलितपणे’ हा शब्द गळला. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका माणसाने संगीताच्या कार्यक्रमासाठी जमलेल्या लोकांवर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्या रात्री ५८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे मृतांची संख्या ६० झाली. त्याच्या अर्धस्वयंचलित रायफलींना ‘बंप स्टॉक’ नावाचा सरकता दस्ता जोडलेला होता. गोळीच्या धक्क्याने रायफल मागेपुढे होते आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप पुनःपुन्हा आपटतो. २०१८ च्या अखेरीस सरकारने या साधनास मशीनगन ठरविले. परंतु १४ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. प्रत्येक गोळीमागे चापाची क्रिया स्वतंत्रच घडते, असे बहुमताचे म्हणणे होते. साठ मृतांनंतरचा वाद अखेर ‘चापाची एक क्रिया’ या शब्दांच्या अर्थावर येऊन ठेपला.

अन्य काही देशांनी ‘अर्ध’ या शब्दात दिलासा मानला नाही. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांची हत्या झाल्यावर ऑस्ट्रेलियाने, आणि २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेल्यावर न्यूझीलंडने, अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक निर्बंध घातले.

तथापि या शब्दाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकात मावत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या ते अर्धस्वयंचलित होते. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर रोखलेले ब्राउनिंग पिस्तूलही त्याच जातीचे. दोन्ही ठिकाणी पुढची गोळी भरली ती यंत्राने. ती सोडावी की नाही हे मात्र यंत्राने ठरविले नाही. बिर्ला भवनाच्या प्रांगणात चाप एकदा ओढला गेला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी एका क्षणाची फट होती, आणि त्या फटीत बोट आवरता आले असते.

म्हणून ‘अर्धस्वयंचलित’ हा शब्द वाचताना यंत्राकडे गेलेल्या अर्ध्या कामाबरोबर उरलेल्या अर्ध्याचेही स्मरण ठेवावे. ते अर्धे माणसाचे आहे, आणि त्याचा हिशेब कोणत्याही यंत्राच्या नावावर मांडता येत नाही.