लढाईची बातमी वर्ध्याला कुणाच्या तोंडून कळते?

सिंदी मेघे वर्धा शहराला इतकं खेटून आहे, की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे नवख्याला उमगत नाही. युक्रेनची नाहीतर गाझाची बातमी इथे मोबाइलवर मिनिटभरात येते. ती मूळ कुणी सांगितली हा प्रश्न मात्र दीडशे वर्षं जुना आहे.

रॉयटरने 1866 मध्ये मुंबईत कचेरी उघडली. 1870 मध्ये समुद्राखालची तार मुंबईला पोचली. त्याच वर्षी रॉयटर, फ्रान्सची हावास आणि जर्मनीची वोल्फ या वृत्तसंस्थांनी जग आपसात वाटून घेतलं. हिंदुस्थान रॉयटरच्या वाट्याला गेला. मग युद्ध बोअरांचं असो की रूस-जपानचं, पुण्याच्या किंवा नागपूरच्या संपादकापुढे येणारा मजकूर बहुतेक लंडनमार्गेच यायचा. निवड करायला त्याच्या हाती फारसं नव्हतं. आलेल्या तारेचा अर्थ तेवढा लावायचा. मराठी पत्रांत अग्रलेखाला एवढं वजन का आलं, याचं एक कारण मला इथे दिसतं. बातमी परक्याची असली की आपलं म्हणायला मतच उरतं.

1942 हे साल या कहाणीत फार बोलकं आहे. त्या काळात बीबीसी लंडनहून मराठीत युद्धाचं वार्तापत्र ऐकवत असे. त्यातल्या बऱ्याच वार्तापत्रांचे मूळ इंग्रजी मसुदे लिहिणारा माणूस होता जॉर्ज ऑरवेल. त्याच्या विभागात वेणू चितळे ही मराठी बाई काम करत होती. शब्द मराठी, आवाज मराठी. पण मसुदा आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा. आपल्या भाषेत आलेली बातमी आपल्या बाजूने आलेली असतेच असं नाही, हे पुढे खोट्या प्रचारावर कादंबरी लिहिणाऱ्या ऑरवेलला निराळं सांगावं लागलं नसेल.

त्याच वर्षी उलट्या दिशेची वाटही उघडली. जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आला आणि आठवडाभर राहिला. स्पेनचं यादवी युद्ध आणि सोव्हिएत रशिया जवळून पाहिलेला हा माणूस विदर्भाच्या उन्हात गांधींना रोज भेटून प्रश्न विचारत होता: जपानी फौजा दारात असताना इंग्रजांनी जायचं कसं? दोस्त राष्ट्रांचं सैन्य इथे राहू द्यायचं का? गांधींनी रूझवेल्टला लिहिलेलं पत्र त्याच्याच मार्फत गेलं. 14 जुलैला काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यातच ‘छोडो भारत’चा ठराव केला. दिल्लीतल्या सरकारी पत्रकावर न थांबता माणूस गाठून त्याला उलटसुलट विचारणारा बातमीदार कसा असतो, ते वर्ध्याने तेव्हा पाहिलं. तरी मुलाखत गांधींचीच होती. भोवतीच्या शेतमजुराला महायुद्धाची काय झळ बसली, हे कळायला ती उपयोगाची नाही.

बड्या माणसांपाशीच थांबण्याच्या बातमीच्या या खोडीला नाव मिळालं 1965 मध्ये. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या संशोधकांनी काँगो, क्यूबा आणि सायप्रसच्या पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन दैनिकांत तपासल्या. बडी राष्ट्रं, बडी माणसं आणि वाईट घटना यांना बातमीचं दार लवकर उघडतं, असा त्यांचा मुद्दा. गाल्टुंगने त्याआधी, 1955 मध्ये, आर्ने नेससोबत गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिलं होतं. 1993 मध्ये त्याला पुरस्कार मिळाला तो जमनालाल बजाज यांच्या नावाचा, म्हणजे ज्यांनी गांधींना वर्ध्याला आणलं त्यांच्या नावाचा. असा हा धागा वर्ध्याशी येऊन भिडतो.

दरम्यान पीटीआय ही भारताची स्वतःची वृत्तसंस्था 1947 मध्ये स्थापन झाली होती, पण परदेशच्या बातम्यांसाठी रॉयटरशी नातं राहिलंच. 1971 ला मात्र लढाई आपलीच होती. नागपुरात दैनिक ‘लोकमत’ 15 डिसेंबरला सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. परक्या वृत्तसंस्थांवरचं अवलंबन तोडायला अलिप्त राष्ट्रांनी 1976 च्या सुमारास स्वतःचा वृत्तसंचय उभारून पाहिला. परक्या कंपनीच्या जागी सरकारं आली, एवढाच फरक पडला. सरकारी गोडगोड मजकूर छापायला कुणाला हौस नव्हती.

ऑक्टोबर 2023 नंतर इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे फिरू दिलेलं नाही. नेलं ते लष्कराच्या सोबतीने. त्यामुळे मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा, हल्ल्याचं कारण इस्रायली लष्कराचं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तिथल्याच, बॉम्ब अंगावर झेलणाऱ्या पॅलेस्टिनी बातमीदारांचं. हे तीन निरनिराळे स्रोत मराठी पानावर येईस्तोवर बरेचदा एकच होऊन जातात, आणि वर शब्द असतो ‘वृत्तसंस्था’.

स्वतःचा बातमीदार कीवला किंवा गाझाला ठेवणं जिल्ह्याच्या पत्राला परवडणार नाही, हे कबूल. पण कोणती संस्था, कोणत्या गावाहून आणि कुणाच्या हवाल्याने, एवढं तरी मराठी दैनिकांनी प्रत्येक युद्धवार्तेच्या डोक्यावर छापावं. त्याला दोन ओळींहून जास्त जागा लागत नाही.