आग आणि अभंग : मराठी ख्रिस्ती मंडळीतील संजीवनाच्या दोन वाटा

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखनाची नोंद साधारणतः ठरावीक थांब्यांवर थांबत पुढे जाते : 'ज्ञानोदया'चा आरंभ (१८४२), बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७), ना. वा. टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. या नोंदींत धर्मांतराला भरपूर जागा मिळते. धर्मांतरानंतरच्या श्रद्धेचे काय झाले, ती तापली की निवली, निवली असेल तर तिला पुन्हा ऊब देण्याचे प्रयत्न कोणत्या भाषेत झाले, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा मानून मंडळ्यांच्या अहवालांवर सोपवला जातो. ही विभागणी समर्थनीय नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. श्रद्धेची आस ही केवळ मनोवस्था नसते. ती संकेतव्यवस्थेतून घडते, आणि संकेत जुने झाले की आसही शिळी होते. हा भाषेचा आणि म्हणून समीक्षेचाही प्रश्न आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. विसावे शतक उजाडेपर्यंत अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत दुसरी-तिसरी पिढी नांदू लागली होती. या पिढीला बाप्तिस्मा वारशाने मिळालेला होता. त्यासाठी घरदार सोडावे लागले नव्हते, बहिष्कार सोसावा लागला नव्हता. उपदेशक मिशनचा पगारदार होता, उपासनेची चाकोरी परदेशातून आलेली होती, गीते बहुतांशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. मराठी शब्दांतील र्‍हस्व-दीर्घाची त्या चालींत होणारी ओढाताण ज्यांनी ऐकली असेल, त्यांना निराळा पुरावा देण्याची गरज नाही. अशा परिस्थितीत १९०५ ते १९१९ या दीड दशकात दोन व्यक्तींनी, एकमेकींपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी, एकाच दुखण्यावर परस्परविरुद्ध उपचार केले. एक पंडिता रमाबाई, केडगावात. दुसरे टिळक, अहमदनगरात.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे : बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे आठ वर्षांनी भेटला. म्हणजे ज्या मंडळीला आग लागावी अशी प्रार्थना त्या पुढे करणार होत्या, तिच्यातल्या कोरडेपणाची प्रचीती त्यांनी आधी स्वतःच्या ठायी घेतली होती. १८९८ मध्ये इंग्लंडातील केसिक येथील अधिवेशनात त्यांनी भारतीय ख्रिस्ती जनांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थनेची याचना केली. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये आणि १९०५ च्या मार्चमध्ये खासी टेकड्यांतील वेल्श मिशनच्या मंडळ्यांत संजीवनाची लाट आली. तिच्या वार्ता केडगावास पोचत होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी विचारणा केली तेव्हा सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० वर गेली, असे मुक्तीविषयीच्या वृत्तांतांत सांगितले आहे.

आकड्यापेक्षा त्यामागची रीत लक्षणीय आहे. काय घडावे हे ठरलेले आहे, कधी घडेल हे ठाऊक नाही, आणि घडेपर्यंत रोज ठरल्या वेळी जमायचे आहे. यरुशलेममधील माडीवरच्या खोलीत वाट पाहत बसलेल्या शिष्यांचे प्रतिमान येथे जसेच्या तसे जगायला घेतले आहे.

२९ जून १९०५ च्या पहाटे मुलींच्या झोपण्याच्या खोलीत जे घडले त्याचा वृत्तांत सर्वश्रुत आहे. एका थोरल्या मुलीला आपण अग्नीने वेढलो आहोत असा अनुभव आला. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटलेली दिसली आणि ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. बादली ओतायच्या बेतात असताना तिला उमगले की ही आग त्या जातीची नव्हे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवीत असता सबंध जमाव रडू लागला, पापांची कबुली देऊ लागला, सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या.

भक्तिपर लेखनात या बादलीचा उपयोग चमत्काराची खूण म्हणून होतो, तर संशयी वाचक तिच्याकडे सामूहिक उन्मादाचे लक्षण म्हणून पाहतो. मला ती वाङ्मयीन दृष्टीने अधिक मोलाची वाटते. 'आत्म्याचा अग्नी' हे रूपक शतकानुशतके वापरून इतके गुळगुळीत झालेले होते की उपदेशकाच्या तोंडी ते ऐकून कोणी मान वर केली नसती. बादली आणणारीने त्या रूपकाचा वाच्यार्थ घेतला. रूपक पुन्हा वाच्यार्थाने घेतले जाणे, निदान क्षणभर घेतले जाणे, हेच बहुधा सर्व संजीवनांचे मूळ असते. मृत रूपक जिवंत कसे होते याविषयी आपण कवितेच्या संदर्भात पुष्कळ चर्चा केली आहे. केडगावची ती पहाट त्या चर्चेत कधी आलेली नाही, कारण ती मुलगी कवयित्री नव्हती आणि तिच्या हातात लेखणी नसून बादली होती.

येथे साधनांची अडचण मान्य करावी लागते. या मुलींचे शब्द आपल्यापर्यंत त्यांच्या भाषेत आलेले नाहीत. जे आले ते 'मुक्ती प्रेअर बेल' या इंग्रजी पत्रातून, मिनी अब्राम्स यांच्यासारख्या अमेरिकन सहकारिणींच्या लेखनातून, दौंडच्या आल्बर्ट नॉर्टन यांच्यासारख्या भेटीस आलेल्यांच्या हकिकतींतून. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून उचलून आणलेल्या मुली एका मराठी खेड्यात एकत्र राहत होत्या. त्यांचा एकसमयी उठणारा आवाज इंग्रजी वाक्यरचनेत बसवताना काय गळाले असेल याची कल्पनाच करता येते. पुढे काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या, तेव्हा नॉर्टन यांनी आवर्जून नोंदवले ते न शिकलेल्या इंग्रजीतून प्रार्थना करणाऱ्या स्त्रीविषयी. ऐकणाऱ्याला जी भाषा कळते तीच चमत्कार म्हणून नोंदली जावी, हा योगायोग मानण्याइतके भोळे राहण्याचे कारण नाही.

या गलबल्यावर टीका झाली, तीही प्रामुख्याने युरोपीय शिस्तीत वाढलेल्या मिशनऱ्यांकडून. १९०७ मध्ये रमाबाईंनी तिला उत्तर दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हिंदी माणसाचा स्वभाव देवानेच घडवला आहे, त्याच्या भावना ज्या रीतीने बाहेर पडतात त्या रीतीने पडू द्याव्यात, पाश्चात्त्य शिष्टाचाराचे माप त्याला लावू नये. रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत. म्हणजे हा बचाव स्वानुभवाचा नव्हता, तत्त्वाचा होता. ज्या बाईला तिच्या समकालीनांनी परकीयांच्या आहारी गेलेली ठरवले, तिने आपल्या मुलींच्या आवाजाच्या देशीपणासाठी परकीयांशीच वाद घातला, ही गोष्ट आपल्या देशीयतेच्या चर्चेत यायला हवी होती.

आता टिळकांकडे वळू. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भूमिका सुपरिचित आहे, आणि तिचा तपशील येथे उगाळण्याची गरज नाही. भजन, अभंग, कीर्तन या रूपांनी उपासनेला मराठी कंठ मिळवून देण्याचे श्रेय त्यांना निःसंशय जाते; अर्थात त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी ही वाट मळवली होती, हे विसरून टिळकांना एकाकी प्रवर्तक ठरवण्याची प्रथा सोडून द्यावी. टिळकांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गाइली जातात. केडगावच्या आवाजातले आज काय ऐकू येते, या प्रश्नाच्या तुलनेत हे यश डोळ्यांत भरते.

पण यशाची किंमत कोणती? वारकरी परंपरेत आर्ततेची एक सिद्ध परिभाषा आहे : भेट, दर्शन, माहेर, वियोग. तिच्यात वाट पाहण्याची दिशाही ठरलेली आहे. पंढरीत विटेवर उभा राहून वाट पाहतो तो देव. भक्ताने यायचे असते, आणि तो दरवर्षी येतो. ख्रिस्ती प्रतीक्षेची घडण निराळी आहे. तेथे मंडळी वाट पाहते, येणारा तो आहे, आणि त्याच्या येण्याने काळाचाच शेवट व्हायचा आहे. टिळकांनी वारकरी आर्ततेचे शब्द घेतले तेव्हा तिची काळाची रचनाही त्यांच्यासोबत आली. माझ्या वाचनात त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त मुख्यतः आत्ता, येथे, जवळ आहे. तो सखा आहे, माउली आहे. युगान्ताची धास्ती आणि अपेक्षा त्यांत मंदावते. मंडळीला ऊब मिळाली, परंतु केडगावच्या मुलींना ज्या अर्थाने काही घडण्याची वाट होती, त्या अर्थाची वाट पाहणे त्या गोड पदांत उरले नाही. हा दोष आहे असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. मात्र ते केवळ 'आत्म्याला मराठी वेष' देणे होते, ही रूढ उपपत्ती पुरेशी नाही, कारण वेष बदलताना अंगही बदलले.

टिळकांना स्वतःला हे अपुरेपण जाणवले असावे. अन्यथा १९१७ चा निर्णय समजत नाही. त्या वर्षी त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला : बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज, परदेशी पैशावर आणि परदेशी नेतृत्वावर न विसंबणारा. 'दरबार' हा शब्दच पाहा. तो अभंगातला नव्हे, राजसत्तेच्या भाषेतला आहे. स्वराज्याच्या चळवळीने भारलेल्या त्या वर्षांत त्याचा ध्वनी कोणाच्याही कानांतून निसटला नसेल. पदांतून जी भविष्योन्मुख अपेक्षा निसटली होती ती येथे संस्थेच्या रूपाने परत येऊ पाहते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि त्यांच्यामागे दरबार उभा राहू शकला नाही.

रमाबाईंनी भक्तिपरंपरेच्या शब्दांकडे पाठ का फिरवली, याचे उत्तर बहुधा कट्टरपणा या एका शब्दात दिले जाते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी पुराणिकांच्या घरात वाढली होती. गावोगाव पुराण सांगून मिळेल त्यावर त्या कुटुंबाने दिवस काढले आणि दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. टिळकांसाठी जी परंपरा पूल होती, ती रमाबाईंच्या अनुभवात पोट भरू न शकलेला शब्द होता, आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या विधवांच्या अनुभवात त्याहूनही कठोर काही. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्द टाळून खेड्यातल्या बाईला कळेल असे ते व्हावे हा हेतू होता. जुळारी मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या, छापखानाही तेथलाच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतर पुरे झालेले होते, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

देशीकरण शब्दकोशाच्या पातळीवर होऊ शकते तसे उच्चाराच्या, अंगविक्षेपाच्या, जमण्याच्या रीतीच्या पातळीवरही होऊ शकते. टिळकांनी पहिली पातळी निवडली. रमाबाईंनी शब्द पारखून टाकले आणि आवाज मोकळा सोडला. आपली समीक्षा संहितेवर पोसलेली असल्यामुळे तिला पहिलेच दिसते. मंडळ्यांच्या जागतिक इतिहासाने मात्र दुसऱ्याची दखल घेतली आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरील सभा १९०६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाल्या, केडगाव त्याआधीचे. त्यामुळे पेंटेकॉस्टल चळवळ अमेरिकेत जन्मून इतरत्र पसरली, या कथनाला येथे तडा जातो. अब्राम्सबाईंनी १९०६ मध्ये लिहिलेली पुस्तिका चिलीमधील वाल्पराइसो येथे हूवर दांपत्याच्या हाती पडली. केडगावचे वर्णन वाचून त्यांच्या मेथडिस्ट मंडळीने प्रार्थना आरंभली आणि १९०९ मध्ये तेथे जे पेटले त्यातून त्या देशातील पेंटेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या. म्हणजे पुणे जिल्ह्यातील एका खेड्याची हकिकत इंग्रजीतून स्पॅनिश भाषकांपर्यंत गेली आणि तिने तेथे धर्माचा इतिहास बदलला. मराठी वाङ्मयेतिहासात तिला एक परिच्छेद मिळालेला नाही.

या दोन वाटांच्या मध्ये लक्ष्मीबाई टिळक उभ्या आहेत. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रां'त त्या आधीचा जो प्रवास येतो त्यात अग्नी नाही आणि अभंगही फारसा नाही. विटाळाची कल्पना एकेका घोटाने, एकेका घासाने सुटत जाते, आणि एके दिवशी जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांचे त्यांनाच उमगते. पुढे टिळकांनी आरंभीचे अध्याय लिहून सोडलेले 'ख्रिस्तायन' याच बाईंनी पुढे चालवले. चौसष्ट अध्यायांची भर घातली, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये छापला गेला.