स्वयंसेवक ते आशा स्वयंसेविका : वऱ्हाडातील ग्रामआरोग्य कार्यकर्त्यांचा मागोवा

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आरोग्यसेवेचा इतिहास लिहिताना रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि वैद्यकीय महाविद्यालय यांची नोंद होते. दवाखाना आणि घर यांमधील अंतर ज्यांनी पायी तोडले, त्यांची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात अशा कार्यकर्त्यांचा मागोवा घेतला असून शासनव्यवहारात त्यांना कोणत्या नावाने ओळखले गेले, याचा विशेष विचार केला आहे. नाव हा येथे गौण मुद्दा नाही. मोबदला त्यावरूनच ठरत आला आहे.

वऱ्हाडच्या खेड्यात बाळंतपण सुईणीच्या हाती होते. मेळघाटातील कोरकू वस्त्यांत दाईच्या जोडीला भुमका असे. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन, तर तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ‘ग्रामगीते’तून गावाच्या आरोग्याची जबाबदारी गावावरच टाकली. शासकीय धोरणात हा विचार यावयास १९७७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत हजार लोकसंख्येमागे एक गावकरी निवडून त्यास तीन महिन्यांचे प्रशिक्षण व दरमहा ५० रुपये मानधन द्यावयाचे होते. निवड बहुतांशी पुरुषांची झाली. बाळंतिणीची तक्रार त्यांच्यापर्यंत कशी पोहोचावी, याचा विचार झाला नाही. प्रथम ‘कार्यकर्ता’ म्हटलेल्या या व्यक्तीस १९८० मध्ये ‘स्वयंसेवक’ व १९८१ मध्ये ‘मार्गदर्शक’ असे संबोधण्यात आले. कार्यकर्ता वेतन मागू शकतो, स्वयंसेवकाने ते मागावयाचे नसते. हा बदल केवळ शाब्दिक होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

१९९३ मध्ये धारणी व चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. १९९५ च्या नवसंजीवन योजनेतून पाड्यांवर ‘पाडा स्वयंसेवक’ आले, दाईंच्या बैठका भरू लागल्या. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की वस्त्या तुटत आणि आजारी मुलाची वर्दी देणारा हाच एक दुवा उरे. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांचे बैरागड येथील कार्य आणि डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने घडविलेल्या ग्रामआरोग्यसेविका याच भूमीतील होत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्री जंतुसंसर्ग ओळखून उपचार करू शकते, हे सिद्ध झाल्यावर तिचे काम ‘सेवाभाव’ या सदरात टाकणे वस्तुतः अवघड व्हावयास हवे होते.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका आली. ती त्याच वस्तीची सून असते. मेळघाटात ती कोरकू बोलते, दवाखान्यातील डॉक्टर बहुधा बोलत नाहीत. मात्र त्याच वर्षीच्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीस अनुदान जोडले आणि दाईचे स्थान मागे पडले. तिचे अनुभवज्ञान आशाकडे सोपविण्याची तरतूद या आराखड्यात नव्हती. ही हानी मोजली गेली नाही.

गावाचा विश्वास मिळण्यास वर्षे लागतात, याचा प्रत्यय अकोला जिल्ह्यात येतो. व्याघ्र प्रकल्पातून केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा आदी गावांचे अकोट परिसरात पुनर्वसन झाले. नव्या ठिकाणच्या मृत्यूंकडे व गैरसोयींकडे बोट दाखवीत काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली. गावासोबत घरे व जमिनी यांचा हिशेब झाला. गर्भवतींना नावानिशी ओळखणारी व्यक्ती त्या हिशेबात बसत नाही.

२०११ पासून नवजात बालकाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी देण्यासाठी आशास २५० रुपये ठरले, म्हणजे एका भेटीस सुमारे ४२ रुपये. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. पुढील वर्षीच राज्यातील आशांना संपावर जावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ लक्षणीय होती, परंतु ती मिळाली ‘स्वयंसेविके’स, आणि ‘मोबदला’ म्हणूनच.