वरच्या थरावरचे मूल

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी चोपड्यासारख्या गावात चौकात उभे राहिलात, की मान आपोआप वर जाते. दोर ताणलेला, हंडी टांगलेली, खाली ढोल चाललेला. आणि थरांच्या टोकाला कोण? एखादे पोर. ते सगळ्यांत शूर म्हणून वर चढवलेले नसते बरं का, सगळ्यांत हलके म्हणून चढवलेले असते. त्याचे ओझे खालच्या खांद्यांना पेलते, एवढाच हिशेब.

आपल्या खानदेशात पोरांच्या खेळाची काळजी घेण्याची एक जुनी रीत होती, ती तालमीत. हौद्यातली माती रोज खणून भुसभुशीत करायची, तिच्यात तेल, ताक, हळद घालायची, म्हणजे पडणाऱ्याला लागू नये. जोड लावताना वय, वजन, दम पाहायचा. यात्रेतल्या दंगलीत लहानग्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागत. पैशांच्या कुस्त्या मोठ्यांच्या. सगळे वस्ताद शहाणे होते असे मी म्हणत नाही. कित्येकांनी पोरांची हाडे मोडेतो मेहनत करून घेतली. पण एक गोष्ट त्या रीतीत पक्की होती: राखण दंगलीच्या दिवसापुरती नव्हती, रोजच्या सरावात होती. कबड्डीत किशोर आणि कुमार असे गट वयावर नि वजनावर पाडतात, तेही याच विचाराने.

दहीहंडीला मात्र असा वस्ताद मिळाला नाही. गल्लीतली हंडी दोन-तीन थरांत फुटे, तोवर फारसे बिघडले नाही. पुढे मुंबई-ठाण्यात पुढाऱ्यांच्या हंड्या आल्या, लाखांची बक्षिसे आली, आणि थर चढू लागले. १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट, जागतिक विक्रम! कौतुक वाटण्यासारखीच गोष्ट ती. पण थोडे गणित करा. वीस फुटांवरून निसटलेले मूल सव्वा सेकंदाच्या आत खाली येते, आणि जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे चाळीस किलोमीटर असतो. चाळीस फुटांवरून पडले तर छप्पन्न. खाली हौद्याची माती नसते, डांबर असते.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत सानपाड्याला चौदा वर्षांचा एक मुलगा थरावरून पडून मरण पावला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, अठरा वर्षांखालचे कोणी थरात नको, आणि उंची वीस फुटांवर नको. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने या बंधनांना स्थगिती दिली. बारा वर्षांखालच्यांना मनाई तेवढी राहिली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेच अठरा वर्षे आणि वीस फूट ही मर्यादा पुन्हा घातली. उत्सवावर घाला आला म्हणून ओरड झाली, काही ठिकाणी मुद्दाम उंच थर लागले. मग ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयात राज्य सरकारने चौदा वर्षांखालची मुले घेणार नाही अशी हमी दिली. उंचीचा प्रश्न न्यायालयाने विधिमंडळावर सोपवला. बारा, अठरा, चौदा. तीन वर्षांत बालपणाची सीमा किती वेळा सरकली, बघा! उंचीची सीमा तर उरलीच नाही.

२०२२ साली सरकारने दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला. थरावरून पडून गोविंदा दगावला तर वारसांना दहा लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा हातपाय असे अवयव गेले तर साडेसात लाख. मदत हवीच. पण ती पडल्यानंतरची.

आता मला खटकते ते सांगतो. सानपाड्याचा मुलगा गेला तो उत्सवाच्या दिवशी नव्हे, सरावात. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला एक मुलगा गेला, तोही सरावातच. त्याचे वय अकरा. चौदाची मर्यादा तेव्हा आठ वर्षांची जुनी झाली होती. हंडीच्या दिवशी पोलीस असतात, रुग्णवाहिका असते, कॅमेरे असतात. सरावाच्या रात्री गल्लीत एक दिवा असतो आणि दमलेली, कामावरून आलेली पोरे.

स्पेनमध्ये कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. तिथे माणसांचे मनोरे रचण्याची प्रथा दोनशे वर्षांहून जुनी, आणि टोकाला तिथेही मूलच. २००६ साली तिथे एक बारा वर्षांची मुलगी पडून गेली. त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांना खास बनवलेले मऊ शिरस्त्राण आले, आणि ते सरावातही घालतात. शिवाय पायथ्याशी माणसांची दाट गर्दी मुद्दाम उभी करतात. वरचा निसटला तर अंगांवर झेलला जावा म्हणून. प्रथा बुडाली नाही. २०१० साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

चोपड्यात, अडावदला, धरणगावला तुमच्या ओळखीचे कोणी पथक असेल. श्रावणात ते सरावाला लागेल. एखाद्या रात्री जेवणानंतर तिकडे चक्कर मारा. खाली गादी आहे की नुसती सतरंजी, वरच्या पोराच्या डोक्यावर काही आहे का, त्याचा जन्मदाखला कोणी पाहिला आहे का, पाऊस पडून गेल्यावर थर लावायचा की नाही हे कोण ठरवते, विचारा. आणि पोराला भीती वाटली तर ‘नको’ म्हणायची त्याला मुभा आहे का, हे त्यालाच बाजूला घेऊन विचारा.