पापनिवेदनाची घंटा : ओल्नी गावाची कथा

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्याकडे इंत्रुजाची सांगता होते त्या मंगळवारी, इंग्लंडमधील ओल्नी नावाच्या गावात दरवर्षी एक आगळी शर्यत होते. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन आणि हातात तवा अशा वेषातील स्त्रिया बाजारचौकातून धावू लागतात आणि ४१५ यार्डांचे अंतर कापून संत पेत्र व संत पौल यांच्या चर्चच्या दिशेने जातात. तव्यात पॅनकेक असतो. अंडी, दूध आणि पीठ यांचे हे पातळ धिरडेच म्हणा ना! भाग घेणारी स्त्री अठरा वर्षांवरील आणि त्याच गावची रहिवासी असावी लागते. पाहणाऱ्याला हा निव्वळ गमतीचा खेळ वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी आहे ती आपल्या परिचयाची गोष्ट : पापनिवेदन.

परंपरा असे सांगते की, १४४५ साली या गावातील एक गृहिणी उपवासकाळापूर्वी घरातील अंडी-लोणी संपवावे म्हणून पॅनकेक तळत होती. तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. ती घंटा होती पापनिवेदनासाठी बोलावणारी. उशीर होईल या धास्तीने ती बाई हातातल्या तव्यासकट धावत सुटली. ही कथा शब्दशः खरी की लोकांनी रचलेली, हा वाद आपण बाजूला ठेवू. इंग्रजीत त्या दिवसाला ‘श्रोव्ह ट्यूज्डे’ म्हणतात आणि ‘श्रोव्ह’ हा शब्द पापनिवेदन ऐकून क्षमा देणे या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आला आहे, एवढे मात्र निश्चित.

पंधराव्या शतकातील इंग्लंड कॅथलिक होते. १५३४ साली राजा आठवा हेन्री याने रोमशी असलेले नाते तोडले आणि पुढील पिढ्यांत मिस्सा, मठ, यात्रा यांच्यावर गदा आली. सर्वसामान्यांच्या जीवनातून पापनिवेदनाचा संस्कार ओसरला. लोकांच्या अंगवळणी पडलेली घंटा आणि पॅनकेक मात्र राहिले. राजाज्ञेने संस्कार थांबवता येतो, पण स्वयंपाकघरातील स्मृती पुसता येत नाही, असेच म्हणावे लागते.

ओल्नी हे बकिंगहॅमशायर परगण्याच्या उत्तरेस, ग्रेट ऊझ नदीच्या काठी वसले आहे. आजही तेथील वस्ती सात हजारांच्या आतच आहे. एक रुंद हमरस्ता, मध्ये बाजारचौक आणि नदीलगत चौदाव्या शतकातील चर्चचे उंच निमुळते शिखर, अशी त्याची सर्वसाधारण ठेवण. परंतु अठराव्या शतकातील ओल्नी हे सुखी गाव नव्हते. लेस विणणे हा तेथील मुख्य व्यवसाय. मांडीवर घट्ट उशी घ्यायची, तिच्यावर नक्षी मांडून टाचण्या टोचायच्या आणि लाकडाच्या वा हाडाच्या बारीक कांड्यांवरील सूत त्यांच्याभोवती गुंफायचे, असे ते डोळे फोडणारे काम. लहान वयातच मुलींना लेसशाळेत बसवीत. हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यांमधून एकाच मेणबत्तीचा उजेड प्रत्येकीच्या उशीवर पाडला जाई. विणलेली लेस श्रीमंतांच्या बाह्यांना शोभा आणी. विणणारीच्या घरी मात्र भाकरीची वानवा असे. गावात सुमारे बाराशे लेसकाम करणारे असून शेकडो जण उपासमारीच्या उंबरठ्यावर आहेत, असे कवी विल्यम कूपर यांनी १७८० साली एका पत्रात लिहून ठेवले आहे. त्या भागातील लेसकरणी २५ नोव्हेंबरला संत कॅथरिनचा सण पाळीत आणि खास केक भाजीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. संतांची वेदी गेली, पण संतांची तिथी गरिबांनी जपली.

अशा या गावात १७६४ साली अँग्लिकन चर्चचे साहाय्यक धर्मगुरू म्हणून जॉन न्यूटन आले. त्यांचा पूर्वेतिहास भयंकर होता. १७२५ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी खलाशी झाला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारात शिरला आणि तेथे स्वतःही हालअपेष्टांत सापडला. मार्च १७४८ मध्ये त्याचे जहाज वादळात बुडू लागले, तेव्हा त्याच्या मुखातून देवाचा धावा निघाला. तोच आपल्या परिवर्तनाचा आरंभ, असे न्यूटन आयुष्यभर मानीत.

येथे आम्हांला वाचकांना थांबवावेसे वाटते. कारण पुष्कळ भाविक पुस्तकांत ही कथा वादळापाशीच संपते. सत्य निराळे आहे. वादळानंतर न्यूटन यांनी गुलामांचा व्यापार सोडला नाही. उलट १७५० पासून ते गुलामांच्या जहाजाचे कप्तान झाले. रविवारी ते खलाशांसाठी प्रार्थना चालवीत आणि त्याच जहाजाच्या पोटात साखळदंडांनी जखडलेली माणसे कण्हत असत. १७५४ साली त्यांनी समुद्र सोडला, तोही आजारपणामुळे. पश्चात्तापाचे बीज पडले होते, पण त्याला अंकुर फुटायला काळ जावा लागला.

ओल्नीत न्यूटन यांनी मन लावून सेवा केली. ते घरोघर जात, लेसकरणींची सुखदुःखे ऐकत. जॉन थॉर्नटन नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने आतिथ्य आणि दानधर्म यांसाठी वर्षाला २०० पौंड लावून दिले होते. त्यांतून अनेकांच्या चुली पेटत. चर्चमध्ये गर्दी मावेना म्हणून सज्जा बांधावा लागला. अल्पशिक्षित लोकांना प्रवचन लक्षात राहावे म्हणून न्यूटन गीते रचू लागले. १ जानेवारी १७७३ रोजी, दावीद राजाच्या कृतज्ञतेच्या प्रार्थनेवर बोलताना, त्यांनी देवाच्या आश्चर्यकारक कृपेविषयीचे एक गीत सादर केले. तेच ‘अमेझिंग ग्रेस’. आज जगभर ज्या चालीवर ते गायिले जाते, ती चाल त्याला अमेरिकेत १८३५ साली मिळाली. १७७९ साली निघालेल्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात एकूण ३४८ गीते होती. बहुतेक न्यूटन यांची आणि उरलेली कूपर यांची.

कूपर हे न्यूटन यांचे शेजारी. दोघांच्या बागा जवळजवळ होत्या. बालपणीच मातृसुखाला पारखे झालेले हे हळवे कवी मनोरुग्ण होते. जानेवारी १७७३ मध्येच त्यांचे मन पुन्हा ढळले. देवाने आपला कायमचा त्याग केला आहे, या भ्रमाने त्यांना ग्रासले. त्यानंतर त्यांनी चर्चमध्ये पाऊल टाकले नाही. न्यूटन यांनी त्यांना हाकलले नाही, की उपदेशाने बेजारही केले नाही. वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या घरात ठेवून सांभाळले. पुढे शेजाऱ्याने दिलेल्या सशांची निगा राखताना कूपर हळूहळू सावरले आणि इंग्लंडच्या थोर कवींत गणले गेले. गावातील गरिबांसाठी एका दात्याने पाठवलेले पैसे ते दात्याचे नाव गुप्त ठेवून वाटीत असत.

गावाच्या स्वभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा काही कॅथलिकांचा कट फसला, त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबरला जाळपोळ व रोषणाई करण्याची प्रथा होती. त्या रात्री कॅथलिकांविषयीचा द्वेष उफाळून येई. १७७७ च्या ऑक्टोबरात ओल्नीत मोठी आग लागली होती. म्हणून त्या वर्षी खिडक्यांत मेणबत्त्या लावू नयेत, असे न्यूटन यांनी सुचवले. तेवढ्यावरून चाळीस-पन्नास जणांचा जमाव त्यांच्या घरावर चालून आला आणि गोड शब्द व थोडे पैसे देऊन त्याची समजूत घालावी लागली. लोकांच्या अशा रागापुढे त्यांचा आवडता धर्मगुरूही सुरक्षित नसतो.

आणि अशा त्या काळात ओल्नीपासून मैलभरावर, वेस्टन अंडरवुड येथे थ्रॉकमॉर्टन हे जुने कॅथलिक घराणे आपला विश्वास जपून राहत होते. १७८४ साली त्यांनी कूपर यांना आपल्या बागेतून बलून उडताना पाहायला बोलावले. त्यातून स्नेह जुळला आणि १७८६ साली कूपर त्यांच्याच मालकीच्या घरात राहायला गेले. तोवर लंडनला बदलून गेलेल्या न्यूटन यांना ही संगत रुचली नाही. परंतु कूपर होमरचे भाषांतर करीत असताना त्याच्या सुवाच्य प्रती उतरवून दिल्या त्या श्रीमती थ्रॉकमॉर्टन यांनी. कॅथलिकांना पूर्ण नागरी हक्क मिळायला १८२९ साल उजाडावे लागले. या शेजाऱ्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही.

न्यूटन यांचे खरे पापनिवेदन झाले ते १७८८ साली, समुद्र सोडल्यानंतर चौतीस वर्षांनी. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. आपण जाहीर कबुली देत आहोत, परंतु आपण केलेले नुकसान टाळायला वा भरून काढायला ती फार उशिरा येत आहे, असे त्यांनी तीत स्पष्ट म्हटले. जहाजांच्या पोटात माणसे कशी कोंबली जात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अधिकाराने सांगितले आणि पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना राजकारणातच राहण्याचा सल्ला देणारे न्यूटनच. ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली या व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन वारले. १८९३ साली त्यांच्या अस्थी लंडनहून आणून ओल्नीच्या चर्चच्या आवारात पुरण्यात आल्या.

आपणां मराठी भाषकांचेही या गावाशी एक नाते आहे. ओल्नीच्या बाप्टिस्ट मंडळीकडे १७८५ साली एक तरुण चांभार उपदेशक होण्याची परवानगी मागायला आला. त्याचे पहिले प्रवचन मंडळीला पुरेसे वाटले नाही. आणखी काही काळ बोलून दाखव, असे त्याला सांगण्यात आले. १७८६ साली परवानगी मिळाली. तो चांभार म्हणजे विल्यम कॅरी. बंगालमधील श्रीरामपूर येथून त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली मराठी नवा करार छापला. त्याच्या सुमारे दोन शतके आधी, इंग्लंडमध्ये कॅथलिकांना थारा नव्हता त्या काळात, विल्टशायरचे फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचून गेले. दुभंगलेल्या ख्रिस्तसभेच्या दोन्ही बाजूंनी आलेले हे दोघे इंग्रज आपल्या मायबोलीच्या अंगणात शेजारी झाले, हा योग आम्हांला लहान वाटत नाही.

महायुद्धाच्या काळात बंद पडलेली पॅनकेकची शर्यत १९४८ साली गावच्या धर्मगुरूंनी पुन्हा सुरू केली. १९५० पासून अमेरिकेतील कॅन्सास राज्यातले लिबरल हे गाव त्याच दिवशी तीच शर्यत धावून ओल्नीशी स्पर्धा करते. जिंकणाऱ्या स्त्रीला घंटा वाजवणारा सेवक शांतीचे चुंबन देतो. मग सारे गाव चर्चमध्ये प्रार्थनेला जमते, स्नानकुंडाभोवती तवे मांडले जातात आणि ‘ओल्नी हिम्स’मधील गीते गायिली जातात. आज गावात ख्रिस्ती जनांची साहाय्यकारी पवित्र मरिया हिच्या नावाचे कॅथलिक चर्चही आहे.

आपल्या धर्मग्रामांतही उपवासकाळ दरवर्षी येतो आणि पापनिवेदनासाठी रांगा लागतात. रांगेत उभे राहणे सोपे असते. ज्या गोष्टीवर आपली कमाई आणि प्रतिष्ठा उभी आहे, तिलाच पाप म्हणायला न्यूटन यांच्यासारख्या प्रार्थनाशील मनुष्यालाही चौतीस वर्षे लागली. आपण कोणत्या गोष्टीसाठी इतका वेळ लावीत आहोत, हा प्रश्न ओल्नीची घंटा आपल्यालाही विचारते. ती बाई तवा खाली ठेवायलासुद्धा थांबली नव्हती.