फलकचित्र आणि माजघर : तंजावरची गृहाभिरुची

तंजावर शैलीतील चित्र म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सहसा राजदरबार उभा राहतो. व्यंकोजी भोसले यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी स्थापलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. या चित्रशैलीची मुळे नायक राजवटीत असली, तरी तिचे परिचित रूप मराठा काळातच, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२), स्थिरावले. त्यामुळे तिला दरबारी कला मानण्याची प्रथा पडली. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु त्या प्रथेने एक गोष्ट दृष्टीआड केली. हे चित्र ज्या भिंतीसाठी घडत गेले, ती भिंत बहुतांशी घरातली होती.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुने घर अरुंद आणि खोल असते. रस्त्याला लागून तिण्णै, म्हणजे आपली ओटी. आत गेल्यावर कूडम, म्हणजे लाकडी खांबांचे माजघर. आणि त्याला लागून आकाशाला उघडा चौक. खिडक्या थोड्या, छप्पर उतरते, कौलारू. प्रकाश काय तो चौकातून येणार आणि दुपार कलली की तोही मागे सरणार. संध्याकाळी उरतो तो समईचा उजेड. फलकचित्राची सारी घडण या अंधुकतेला दिलेले उत्तर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तमिळमध्ये या चित्राला ‘पलगै पडम’ म्हणतात. शब्दशः फळीवरचे चित्र. फणसाची किंवा सागाची फळी घ्यायची, तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने वा डिंकाने कापड चिकटवायचे, खडूच्या भुकटीचा लेप देऊन पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा. मग दागिने, कमानी, सिंहासन, महिरप एवढेच भाग लेपाने उठावदार करायचे, त्यांत काचेचे खडे बसवायचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवायचा. देवतेचे अंग आणि पार्श्वभूमी मात्र सपाट रंगांची. दिव्याची ज्योत हलली की उंचवट्यावरचे सोने हलते, सपाट भाग शांत राहतो. लोण्याचा गोळा हाती घेतलेला गुबगुबीत बालकृष्ण अशा उजेडात भिंतीपासून सुटून पुढे आल्यासारखा वाटतो. चित्रातील आकृती मोजक्या व मोठ्या का, मध्यवर्ती देवता इतरांपेक्षा कितीतरी मोठी का, याचा उलगडाही बऱ्याच अंशी येथेच होतो: ती दुरून, मंद उजेडात, नमस्कारापुरती पाहिली जाणार होती.

ही अभिरुची कोणा एकाची नव्हती. राजा मराठी, चित्रकार बहुधा राजू वा नायडू समाजातील तेलुगू भाषक आणि घर तमिळ. या प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घरात भाषा मराठी राखली, पण ज्या घरांत ती राहिली त्यांची ठेवण तमिळच होती. चित्रातील देवता घराच्या उपासनेप्रमाणे ठरे. कोठे राम-पट्टाभिषेक, कोठे बालकृष्ण. मन्नारगुडीला तर पंगुनी उत्सवात राजगोपालस्वामी लोण्याचा घट घेतलेल्या कृष्णाच्या रूपात मिरवतो. तेथील घराला बालकृष्ण दरबाराकडून शिकावा लागला नसणार. मात्र त्या देवाभोवतीची कमान, गुंडाळलेले पडदे, लोड-तक्के यांत राजवाड्याची छाया स्पष्ट दिसते. गृहस्थाने इष्टदेव आपला निवडला आणि त्याला बसवले राजाच्या बैठकीवर.

ज्यांना सोने परवडत नसे त्यांच्यासाठी काचचित्र होते. काचेच्या मागील बाजूस उलट्या क्रमाने रंगवलेले हे चित्र चिनी काचचित्रांच्या तंत्राचे. तंजावरात त्याने फळीवरील चित्राचीच नक्कल केली. समीक्षक त्याकडे दुय्यम म्हणून पाहत आले आहेत. अभिरुचीच्या इतिहासकाराला ती चैन परवडणारी नाही, कारण दरबारी नमुना साध्या घरापर्यंत उतरतो तो अशाच नकलांतून.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. चित्रकला तरी थांबली नाही. धनिक चेट्टियार आणि गावोगावचे गृहस्थ हेच तिचे आश्रयदाते राहिले. तिला खरा शह मिळाला तो निराळ्याच दिशेने. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला शिळाछाप छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तेथून आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या इतर छापखान्यांतून लक्ष्मी-सरस्वतीची स्वस्त रंगीत चित्रे देशभरच्या भिंतींवर पोहोचली. मराठी राजांच्या छायेत वाढलेल्या चित्राला महाराष्ट्रातून निघालेल्या छापील चित्राने मागे सारावे, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. काही छापील चित्रांवर घरच्या स्त्रियांनी टिकल्या, जर आणि मणी चिकटवले. छापलेल्या सपाट देवीला पुन्हा उठाव देण्याचा हा खटाटोप हौस म्हणून सोडून देता येत नाही. डोळ्यांना लागलेली जुनी सवय त्यात बोलते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र परतले, पण घरी नव्हे. जुन्या घरांची वाटणी झाली, घरे पडली, फळ्या पुराणवस्तूंच्या दुकानांत गेल्या. शासकीय हस्तकला-विक्रीकेंद्रांनी नव्या चित्रांना गिऱ्हाईक मिळवून दिले आणि पुढे या शैलीला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षणही लाभले. आज चेन्नईत, मुंबईत, पुण्यात दिवाणखान्यातील सोफ्याच्या वर हे चित्र दिसते. फळीच्या जागी पुष्कळदा प्लायवुड असते. वर्खाच्या शुद्धतेची चौकशी होते. चित्र कोणत्या उजेडात टांगायचे, याची क्वचितच. छतातून सोडलेल्या विजेच्या झोतात सारे सोने एकदम चकाकते, आणि बालकृष्ण भिंतीलाच चिकटून राहतो.