‘कोण आहे?’ – ‘मी आहे!’

मंडळी, १९८०च्या दशकात मोठ्या इमारतींतली एसी नियंत्रणाची यंत्रं बहुधा आपापल्या कंपनीचीच भाषा बोलायची. एका कंपनीची यंत्रणा बसवली, की मालक तिच्या दावणीला बांधलाच! अमेरिकेत ‘अ‍ॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेची समिती १९८७मध्ये कामाला लागली आणि १९९५मध्ये ‘बॅकनेट’ हे सामायिक प्रमाण आलं. त्यात नेटवर्कवर प्रश्न जातो, ‘कोण आहे?’ यंत्र म्हणतं, ‘मी आहे’, आणि आपला क्रमांक सांगतं. हा क्रमांक ० ते ४१,९४,३०२ यांपैकी. पण सबंध नेटवर्कमध्ये एकमेव हवा. ती जबाबदारी बसवणाऱ्याची. दोघांना एकच क्रमांक पडला, तर दोघंही ‘मी’ म्हणतात आणि हुकूम भलत्याच यंत्राला जाऊ शकतो. म्हणजे बघा, भाषा एक झाली, तरी प्रत्येकाची ओळख वेगळी राखावीच लागते. नाहीतर संवाद कुणाशी करणार?